आज किती दिसले?

“आज सहाच दिसतायत रे,” आई म्हणाली. मी ऑफिसातून येऊन अजून बूटही काढले नव्हते.

“असेल एखादा दगडामागे,” मी म्हटलं आणि हातपाय धुवायला गेलो.

नोव्हेंबर २०२२ मधली ही गोष्ट. टाकीत मासे सोडून तिसराच दिवस होता. दगडामागे कोणी नव्हतं. सातवा मासा दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतलं पाणी जिथून खाली जातं तिथल्या, जाळीला चिकटलेला मिळाला. त्याच्या पोटाच्या बाजूला, खवल्यांच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढा लालसर चट्टा होता. पिशवीत, नाहीतर जाळ्यात लागलं असेल असं मी धरून चाललो. त्या चट्ट्याकडे त्याच दिवशी नीट लक्ष दिलं असतं, तर पुढचं वर्ष वेगळं गेलं असतं.

मासे होते ग्रीन क्रोमिस. बोटाच्या दोन पेरांएवढे. रंग सांगायचा तर अवघड आहे. मोरपिशी म्हणावा तर फिका, पोपटी म्हणावा तर निळसर, आणि दिव्याखाली सगळे एकदम वळले की प्रत्येकाच्या अंगावरून एक निळी लकेर सरकत जाते. लग्नानंतर आम्ही अंदमानला गेलो होतो. तिथे हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, गुडघाभर पाण्यातून थोडं पुढे जाऊन तोंड पाण्यात घातलं आणि फांद्याफांद्यांच्या एका प्रवाळावर हे मासे दिसले. शंभर तरी असतील. माझी सावली पडल्याबरोबर सगळे फांद्यांत शिरले, जणू कोणी आत ओढून घेतले. मी हलायचा थांबलो तसे एकेक करून परत वर आले. तेव्हापासून डोक्यात होतं की एक दिवस घरात हा थवा असला पाहिजे.

हा मासा तांबड्या समुद्रापासून पार पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत आढळतो. आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातात. दुकानात तो सगळ्यांत स्वस्त समुद्री माशांपैकी एक. मला दोनशे रुपयांना एक पडला. दुकानदार तो नवशिक्यांना देतात: “साहेब, क्रोमिस घ्या, काही होत नाही त्याला.” हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवतो. एखाद-दुसरा क्रोमिस जगवणं सोपं असेल. पण क्रोमिसचा थवा थवा म्हणून वर्षभर टिकवणं हे समुद्री टाकीतल्या अवघड कामांपैकी एक आहे. कारण थवा एका दिवसात जात नाही. एकेक करून जातो, आणि हलत्या माशांत एक कमी झालेला डोळ्याला कळत नाही.

आमची टाकी चार बाय दोन बाय दोन फुटांची, १२ मिमी काचेची. पाणीच सव्वाचारशे लिटरच्या आसपास, त्यात दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप, म्हणजे गाळणीची टाकी. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावर एवढं वजन ठेवायचं म्हणून आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारलं आणि बीमवरच्या भिंतीला लागून ती बसवली. पावसाळ्यात पाणी भरलं. आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ मिसळून क्षारता हजारी ३५, तापमान २६ अंश. बाटलीतले जिवाणू सोडून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला सहा आठवडे लागले. या भागावर खूप लिहिलेलं सापडतं, मी त्यात जास्त रमत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दगडी सांगाड्याचं प्रवाळ, म्हणजे रीफ बांधणारं, माझ्या टाकीत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; काळं प्रवाळ, समुद्रपंखे, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, सगळं त्यात आलं. किनाऱ्यावरून उचललेला जिवंत दगडही मी घेतला नाही. भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे दगड लावले आणि त्यावर मऊ प्रवाळाच्या प्रजाती: लेदर, मशरूम, झोअँथस. त्याही एका जुन्या छंदी माणसाकडून, त्याने घरात तुकडे करून वाढवलेल्या. क्रोमिसना त्याचं काही अडलेलं नाही. त्यांना शिरायला फट हवी असते, ती सिरॅमिकची असली तरी चालते.

तर ते सात मासे. पहिल्याच्या मागोमाग चार दिवसांनी दुसरा गेला, मग तिसरा. पंधराव्या दिवशी तीन उरले होते. त्या तिघांत एक मोठा होता, तो बाकीच्या दोघांना दगडाकडे फिरकू देईना. एकाच्या शेपटीच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या, तो वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभा राहायला लागला आणि खायला येईना. मला वाटलं, भांडणानेच मरतायत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एकच उरला, तोच मोठा.

एकटा क्रोमिस कसा असतो ते मी पुढचे दहा महिने पाहिलं. दिवसभर एका दगडाच्या कमानीखाली. खाणं टाकलं की झपकन बाहेर, दोन घास, परत आत. रंग उतरलेला, राखाडीकडे झुकलेला. ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटावर याच जातीच्या माशांवर एक प्रयोग झालाय, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सोबत्यांचं दर्शन आणि वास मिळत असेल तर माशाचा शांत असतानाचा ऊर्जेचा खर्च सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतो, आणि आठवडाभर एकटा ठेवलेला मासा खंगतो, असं त्यात दिसलं. मी हे वाचलं तेव्हा तो कमानीखाली उभा होता आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते. मी लॅपटॉप मिटला. फार वाईट वाटलं.

त्याला परत कोणाला तरी देऊन टाकावं का, हा विचार त्या उन्हाळ्यात बरेचदा आला. आई म्हणाली, “देऊन कुठे जाणार तो? तिथेही एकटाच ना?” मग ठरवलं की सोबत आणायची, पण या वेळी नीट.

गोरेगावला एक काका आहेत, तीस वर्षं समुद्री मासे ठेवणारे. त्यांना मी मेलेल्या माशांचे फोटो दाखवले. त्यांनी चट्टा बघितल्याबरोबर सांगितलं: युरोनेमा. हा एकपेशीय जीव पाण्यात आपला आपण जिवाणू खाऊन जगतो, त्याला मासा लागतोच असं नाही. पण दमलेला, खरचटलेला, उपाशी मासा मिळाला की कातडीखाली शिरतो, आणि क्रोमिस त्याला फार लवकर बळी पडतात. समुद्रात पकडल्यापासून आपल्या टाकीत पडेपर्यंत त्या माशाने चार-पाच पिशव्या बदललेल्या असतात, बरेच दिवस पोटात काही नसतं. इतर परजीवींवर जे तांब्याचं औषध चालतं ते यावर चालत नाही. आणि टाकी महिनोन् महिने माशांशिवाय ठेवली तरी तो उपाशी मरत नाही. “म्हणजे तुझ्या टाकीत तो आहे आणि राहणार,” काका म्हणाले. “तू मासे एवढे धडधाकट करून आत सोड की त्याला जागा मिळता कामा नये.”

हे वाक्य मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

ऑक्टोबरमध्ये मी दुकानात गेलो आणि पंधरा क्रोमिसचे पैसे आधीच दिले. म्हटलं, “भाऊ, पैसे घ्या, पण मासे पंधरा दिवस तुमच्याकडेच राहू द्या. जे जगतील ते माझे.” ते जरा चक्रावले, पण तयार झाले. या पंधरा दिवसांत मी तीनदा जाऊन उभा राहिलो. काय बघायचं ते काकांनी शिकवलं होतं. डोक्याच्या मागे, पाठीच्या सुरुवातीला मांस खोल गेलंय का. पोट आत ओढलेलं आहे का. खाणं टाकल्यावर मासा वर येतो की नुसता बघतो. आणि आणखी एक गोष्ट. हुबेहूब असाच दिसणारा एक भाऊबंद आहे, तो वाढून जरा मोठा होतो. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. ओळखायची खूण म्हणजे छातीच्या पराच्या मुळाशी, काखेत म्हणा ना, काळा डाग. ग्रीन क्रोमिसच्या काखेत तो नसतो. मासा वळताना पर पुढे घेतो त्या क्षणी बघावं लागतं. पंधरांत एक काळ्या काखेचा निघाला, तो मी बदलून घेतला.

पंधरा दिवसांनी बारा उरले होते. म्हणजे तीन मासे घरी आणले असते तरी मेलेच असते, आणि मी पुन्हा स्वतःच्या पाण्याला दोष देत बसलो असतो.

घरी आल्यावर त्यांना मुख्य टाकी दाखवलीच नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा जो परजीवी असतो तो माशावरून गळून तळाशी जातो, तिथे कवच करून बसतो आणि काही दिवसांनी फुटून नव्याने मासे शोधतो. तो फुटायच्या आत मासेच उचलून नव्या पाण्यात न्यायचे, दर ७२ तासांनी, चार वेळा. जुनी टाकी रिकामी करून, घासून, गॅलरीत उन्हात कोरडी ठक्क वाळवायची. मी शंभर-शंभर लिटरचे दोन प्लॅस्टिकचे टब घेतले, आत अर्ध्या इंची पीव्हीसीचे एल्बो आणि टी टाकले, हवेचा दगड, हीटर, बस. बारा मासे जाळ्याने पकडायचे नाहीत हे काकांनी बजावलं होतं, कारण जाळ्याने खरचटतं आणि खरचटलं की युरोनेमा. म्हणून पाणी कमी करत न्यायचं, पाइपच्या तुकड्यात मासे आपोआप शिरतात, दोन्ही तोंडांवर तळवे धरून पाइपासकट उचलायचं. पहिल्या वेळी मला दोन तास लागले. चौथ्या वेळी वीस मिनिटं.

अमोनियाची चाचणी रोज सकाळ-संध्याकाळ. खाण्यात मेट्रोनिडाझोल मिसळून दहा दिवस, मात्रा काकांनी ठरवून दिली. फॉर्मालिनची आंघोळही सुचवतात, पण घरात लहान मुलगी आहे, ती बाटली मी घरात आणली नाही.

चौथ्या दिवशी एकाच्या कुशीवर तोच लाल दाणा दिसला. लगेच वेगळ्या बादलीत घेतला. सकाळपर्यंत गेला. मी उरलेल्यांना एकेकाला टॉर्चच्या उजेडात बघितलं, दोन्ही बाजूंनी. कोणावर काही नव्हतं. दुसरा एक खातच नव्हता, तो तिसऱ्या आठवड्यात गेला. मधल्या एका शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज गेली ती सहा तास आली नाही. मुख्य टाकीचा वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, इन्व्हर्टरवर होता, टबांसाठी मात्र सेलवर चालणारा हवेचा पंप आधीच आणून ठेवलेला होता. तो दीडशे रुपयांचा पंप नसता तर या लेखाचा पुढचा भाग लिहायला काही उरलं नसतं.

बारा दिवस टबांत आणि नंतर पाच आठवडे तीस इंची टाकीत नुसतं बघणं. दहा मासे. पाठ भरलेली, पोट गोल, काचेजवळ गेलं की सगळे पुढे येणारे.

आता प्रश्न त्या जुन्याचा. त्याने पुरी टाकी आपली मानली होती. नवीन, लहान मासे त्याच्यासमोर सोडले असते तर त्याने एकेकाला कोपऱ्यात घातलं असतं. म्हणून आधी दगडांची रचना मोडून नव्याने लावली. त्याची कमान काढली, फटी वाढवल्या. आणि त्याला भोकं पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या डब्यात ठेवून डबा टाकीच्या आत काचेला अडकवला. त्याच रात्री दिवे बंद करून दहाच्या दहा एकदम सोडले. डिसेंबर २०२३ मधला तो शनिवार होता.

सकाळी उठून बघतो तर दहाही जण डब्याच्या बाजूला. आतला बाहेरच्यांकडे तोंड करून, बाहेरचे आतल्याकडे. पहिले दोन दिवस तो भोकांवर धडका देत होता. तिसऱ्या दिवशी थांबला. चौथ्या दिवशी मी पाहिलं की बाहेरचा थवा प्रवाहासमोर वळला की तोही आतल्या आत वळतो, त्याच अंशात. संध्याकाळी मुलीला शेजारी उभं केलं आणि डब्याचं झाकण काढलं. तो बराच वेळ बाहेरच आला नाही. मग एकदम वर उसळला, थव्याच्या खालून गेला, एकाच्या मागे अर्धी टाकी धावला आणि परत येऊन मध्ये उभा राहिला. इतकंच. त्यानंतर तो कमानीखाली, म्हणजे कमान जिथे होती तिथे, कधी गेला नाही. आठवडाभरात त्याचा राखाडीपणा गेला. मी मुद्दाम फोटो काढून ठेवलेत, आधीचा आणि नंतरचा.

मुलगी म्हणाली, “बाबा, आता अकरा.”

अकरा टिकवायचे तर खाणं. हे मला या सगळ्यात सर्वांत उशिरा कळलं आणि आता सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हे मासे समुद्रात दिवसभर प्रवाहातून येणारे बारीक जीव टिपत असतात. तोंड एवढंसं, पण बघण्यासारखं: दाणा समोर आला की जबडा नळीसारखा पुढे येतो, दाणा आत, जबडा जागेवर. डोळ्याचं पातं लवायच्या आत. असा मासा दिवसातून एकदा पोटभर खाऊन चालत नाही. दोन वेळा खायला घातलं की जोरकस मासे पोट भरतात, अशक्त मागे राहतात, मागे राहिलेल्याला बाकीचे हाकलतात, हाकललेला खात नाही. माझे पहिल्या सातांतले सहा असेही गेले असणार. भांडण दिसत होतं, भांडणाच्या मुळाशी भूक होती ते दिसत नव्हतं.

आता सहा वेळा. सकाळी सातला मी. दहाला आणि चारला स्वयंचलित फीडर, बारीक दाणे. दुपारी एकला आई. सातला मुलगी, रात्री नऊला परत मी. प्रत्येक वेळी चिमूटभरच, आणि वेव्हमेकरच्या तोंडासमोर, म्हणजे खाणं टाकीभर पसरतं आणि एकट्याला त्यावर कब्जा करता येत नाही.

बाहेरचं गोठवलेलं खाणं महाग पडतं, आणि इथे डोंबिवलीच्या मासळी बाजाराने मला वाचवलं. ओला जवळा. तो मुळातच समुद्रात तरंगत राहणारा कोळंबीचा बारका प्रकार, या माशांच्या खाण्याच्या अगदी जवळचा. कोळीण मावशींकडून सकाळचा ताजा घ्यायचा, बर्फात आणायचा, आरओच्या पाण्याने चहाच्या गाळण्यात तीनदा धुवायचा, सुरीने अगदी बारीक करायचा आणि पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये. लागेल तेवढी काडी मोडून घ्यायची.

आणि गाबोळी. कच्ची गाबोळी घेऊन पडदा उभा चिरायचा, चमच्याच्या पाठीने अंडी खरवडून काढायची. आधी सगळा चिकट गोळा असतो. गाळण्यात पाण्याखाली धरून बोटाने फिरवत राहिलं की पाणी आधी दुधट येतं, मग पारदर्शक, आणि मग अंडी सुटी होतात, रव्यासारखी. एवढ्या आकाराचा दाणा क्रोमिसला अगदी बरोबर बसतो. पहिल्यांदा केली तेव्हा आई बघत उभी होती. “एवढी चांगली गाबोळी माशांना?” दुसऱ्या वेळेपासून ती स्वतःच करते, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ करते. अर्धी तव्यावर जाते.

संध्याकाळच्या वेळेला जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारके जीव. दोन लिटरची कोलाची बाटली उलटी, खालून हवा, मिठाचं पाणी, आणि चोवीस तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून बुडाशी टॉर्च धरली की नारिंगी ढग खाली जमतो, टरफलं वर तरंगतात. हे काम मुलीचं. ती थोडे थोडे सोडते आणि नाकं मोजते असं म्हणते.

सहा वेळा खाणं म्हणजे पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणारच. त्यासाठी मोठा स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, आणि संपमध्ये एका कप्प्यात केटोमॉर्फा हे धाग्यासारखं हिरवं शेवाळ, रात्रभर दिव्याखाली. महिन्यातून एकदा वाटीभर उपटून टाकतो. नायट्रेट दहाच्या आत राहतं. मऊ प्रवाळांना तर थोडं घाण पाणी आवडतंच.

उरली मोजणी. पोहताना मोजू नका, चुकतंच. मी फोटो काढून मोजायचो, त्यातही एकामागे एक लपतो. युक्ती आईने काढली. दिवे मंद व्हायला लागले की प्रत्येक क्रोमिस आपापल्या फटीत झोपायला जातो, आणि फट रोज तीच. आई गिरगावातल्या चाळीत वाढलेली, तिने बिऱ्हाडांना नावं दिली. जिन्याखालचा. मोरीतला. गॅलरीतले दोघं. नळाजवळचा. कोण घरी आलं नाही ते तिला एका नजरेत कळतं. फटीत शिरल्यावरही ते अगदी निपचित नसतात, पर हलत राहतात, जागच्या जागी. इस्रायलमधल्या इलातच्या किनाऱ्यावर याच कुळातल्या माशांचा अभ्यास करून २००४ मध्ये संशोधकांनी दाखवलंय की प्रवाळाच्या फांद्यांत झोपलेले मासे रात्रभर असे पर हलवतात आणि त्या हालचालीने प्रवाळाला आतपर्यंत ताजं, प्राणवायूचं पाणी मिळतं. माझे सिरॅमिकला वारा घालतात. तरी दिवे गेल्यावर लाल टॉर्चने मी ते बघत बसतो.

जानेवारी २०२४ मध्ये नळाजवळचा आला नाही. झाकणाच्या जाळीला वायर जाण्यापुरती फट ठेवली होती, दोन बोटांची. तो स्टँडच्या मागे सापडला, वाळलेला. माझी चूक. त्या दिवशी ती फट बंद केली. सप्टेंबरमध्ये गॅलरीतल्या दोघांतला एक आला नाही, आणि तो सापडलाच नाही. ना संपमध्ये, ना जाळीवर, ना जमिनीवर. तीन दिवस दगड हलवून शोधला. पाठोपाठ सगळ्यांच्या कुशी तपासल्या, लाल काही नव्हतं. काय झालं ते मला आजही माहीत नाही. तेव्हापासून नऊ.

यंदा मार्चमध्ये जुना, डब्यातला, वाळूशी घुटमळायला लागला. अंगावर पिवळसर झाक, मागचे पर गडद. मला वाटलं, आजारी पडला. दोन दिवस तो एका सपाट दगडावरची धूळ शेपटीने झाडत होता आणि कोणी जवळ आलं की धावून जात होता. मग दोघीजणी येऊन गेल्या. भिंगातून बघितलं तर दगडावर बारीक पारदर्शक ठिपक्यांची खरखरीत साय होती. तो तिथून हलला नाही. आईच्या गाबोळीलाही वर आला नाही, नुसता शेपटीने पाणी घालत राहिला. या जातीत नर असाच राखण करतो, आणि दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. तिसऱ्या दिवशी सकाळी दगड स्वच्छ होता. पिल्लं एवढी बारीक असतात की ओव्हरफ्लोने रात्रीच खेचून नेली असणार. ती वाढवायची तर कोपेपॉड या पाण्यातल्या बारक्या जिवांची सूक्ष्म पिल्लं सतत लागतात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाची पिल्लं हॅचरीत वाढवून दाखवली आहेत, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात विदूषक माशांची (क्लाउनफिश) पैदास होते. दुकानात समुद्रातून पकडलेल्यांऐवजी हॅचरीतले क्रोमिस मिळायला लागले, तर दुप्पट पैसे देऊन मी तेच घेईन. पंधरांतले तीन दुकानात मेले ते मी विसरलेलो नाही.

आता मे संपत आलाय. एक जूनपासून मासेमारी बंद होईल आणि ताजा जवळा मिळायचा नाही. काल दीड किलो आणला. आई आणि मी रात्री अकरापर्यंत धूत, चिरत, थापत बसलो. बावीस पाकिटं झाली. फ्रीझरचा वरचा कप्पा पूर्ण भरला, बायकोने आइस्क्रीमसाठी जागा मागितली, म्हणून दोन पाकिटं शेजारच्यांकडे ठेवली. झोपायला जाताना आई टाकीसमोर थांबली, लाल टॉर्च लावली. “जिन्याखालचा, मोरीतला, गॅलरीतला…” ती पुटपुटत गेली. मी ओट्यावरून विचारलं, “किती?”

“थांब जरा,” ती म्हणाली, “एक अजून आत शिरतोय.”